खुर्ची, नग एक

माझं समाधान झालेलं नाही, हे मी वॉर्ड ऑफिसला लेखी दिलेलं आहे. माझ्या प्रतीवर त्यांचा गोल शिक्का आहे, आवक क्रमांक आहे, तारीख आहे, आणि ती प्रत कपाटात साड्यांच्या खाली ठेवलेली आहे. कुणी मागायला आलं तर झेरॉक्स देईन, मूळ प्रत देणार नाही.

एवढा ताठा कशासाठी, तर एका बाकड्यासाठी. हसायचं त्यांनी हसून घ्यावं. चाळीतले हसून झालेले आहेत.

आधी माझं सांगते. मी एकतीस वर्षं महापालिकेत काढली, त्यातली बावीस एका वॉर्ड ऑफिसच्या आवक टेबलावर. ऑफिसात येणारा प्रत्येक कागद आधी त्या खिडकीत येतो. कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, रजिस्टरात नंबर टाकायचा, अर्जदाराच्या प्रतीवर पोच द्यायची आणि कागद त्या त्या खात्याकडे सोडायचा. पुढे त्याचं काय होतं ते बघणं आमच्या टेबलाचं काम नव्हतं. लोक मात्र विचारायला आमच्याकडेच यायचे. मी मान वर न करता सांगायची, "उद्या या." रागाने नाही हो, सवयीने. संध्याकाळी घरी आले की आई भाकऱ्या थापता थापता आपल्या मालवणीत विचारायची, "आज किती जणांक परत धाडलंस गो?" मी चिडायची. तिला ऑफिसातलं काय कळतंय, असं मला वाटायचं.

आई आता चौऱ्याऐंशीची आहे. वडील गिरणीत होते. ते गेले, गिरणी गेली, आणि आम्ही दोघी परळच्या त्याच चाळीत राहिलो. सोमवार, गुरुवार आणि संकष्टी सोडली तर रोज सकाळी आई पिशवी घेऊन मासळी बाजारात जायची. एकटी. मी बरोबर निघाले की म्हणायची, "तू खयं येतस? तुका ताजा-शिळा कळता?" खरंच कळत नाही. आमच्या घरात मासे निवडण्याचा हक्क तिचा, आणि तो तिने माझ्या हाती कधी दिला नाही.

चाळीच्या फाटकापासून बाजार तिच्या पावलांनी वीस मिनिटांवर. बरोबर मध्यावर विजेच्या एका खांबाला लागून सिमेंटचं बाकडं होतं. पाठीला एक फळी तुटलेली, एका बाजूला कुणीतरी लग्नाची पत्रिका चिकटवलेली, असं साधंच बाकडं. आई जाताना तिथे बसायची, येताना बसायची. तिचे गुडघे तेवढ्याच अंतराला तयार होते. घर ते बाकडं, बाकडं ते बाजार.

मग फुटपाथचं काम निघालं. जुन्या लाद्या उखडल्या, पेव्हर ब्लॉक बसवले, आणि त्यासाठी बाकडं उचललं. फुटपाथ झाला, बॅरिकेड गेले, कामगार गेले. बाकडं काही परत आलं नाही.

पहिले दोन दिवस आई एका दुकानाच्या पायरीवर बसली. तिसऱ्या दिवशी दुकानदाराने पायरीवर कुंड्या मांडून ठेवल्या. आई खांबाला धरून उभी राहिली, अर्ध्या वाटेवरून परत आली आणि पिशवी खिळ्याला अडकवून म्हणाली, "माका नाय जावचा आता. मासे तूच हाड."

मी अर्ज लिहिला. माझा अर्ज म्हणजे बघत राहावं असा होता. विषय, संदर्भ, ठिकाणाचं वर्णन, खांबाचा क्रमांक, सगळं जिथल्या तिथे. आणि खाली, हाताला बावीस वर्षांचं वळण म्हणून, 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' असं लिहून तीन खाती टाकली: रस्ते, उद्यान आणि देखभाल. तिन्हीकडून पोच घेऊन मी मोठ्या रुबाबात घरी आले.

तिथेच माती खाल्ली. बाहेरच्या कुणा साध्या बाईने 'आमचं बाकडं परत द्या' एवढं एका साहेबाला लिहिलं असतं तर त्याला काहीतरी करावं लागलं असतं. मी तीन खात्यांना माहितीसाठी कळवलं, आणि तिघांनी ती माहिती घेतली. प्रत्येकाने कागदावर बाकी दोघांची नावं वाचली आणि कागद फायलीला लावून टाकला. मी विचारायला गेले तेव्हा रस्तेवाल्यांनी सांगितलं, आमचं काम लाद्यांपुरतं. उद्यानवाले म्हणाले, आमची बाकडी उद्यानातली. देखभालवाल्यांनी सांगितलं की ते बाकडं जुन्या नगरसेवकाने बसवलेलं, त्यांनाच विचारा. तेव्हा निवडणुका रखडलेल्या होत्या, नगरसेवक कुणी नव्हताच. विचारणार कुणाला, खांबाला?

घरी मासळी मी आणू लागले. एकदा बांगडे आणले, ते डोळ्यांनीच सांगत होते की कालचे आहेत. पूर्वी आईने पिशवीत डोकावूनच, "हे कोणी तुज्या गळ्यात मारल्यान?" म्हणून माझा उद्धार केला असता. त्या दिवशी ती मुकाट जेवली. ताट पुसून घेतलं, हात धुतले आणि खिडकीशी जाऊन बसली. मला भीती वाटली. आमच्या चाळीत मी पाहिलेलं आहे, माणूस आधी बाजारात जायचं थांबतं, मग जिना उतरायचं, आणि मग खाटेवरून. आई एका बाकड्यापायी या रांगेत उभी राहणार असेल तर मी ते चालू देणार नव्हते.

खांबाचा क्रमांक टाकून ऑनलाइन तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी फोनवर उत्तर आलं: 'स्थळपाहणी केली असता सदर ठिकाणी बाक अस्तित्वात असल्याचे आढळून आले. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' सोबत फोटो. फोटोत हिरवं लोखंडी बाकडं, मागे बदामाचं झाड. आमच्या त्या अख्ख्या रस्त्याला बदामाचं झाड नाही. खाली विचारलं होतं, आपले समाधान झाले का? मी 'नाही' दाबलं. मग दुसऱ्या दिवशी जाऊन तेच कागदावर लिहून दिलं आणि पोच घेतली. साड्यांखाली आहे तो कागद तोच. खिडकीतली मुलगी मान वर न करता म्हणाली, "उद्या या, मॅडम." मला एकदम घाम फुटला. कागदाची घडी घालून मी बाहेर पडले.

घरी येऊन मी गॅलरीतली पांढरी प्लास्टिकची खुर्ची उचलली. सकाळी आठला ती खांबाजवळ नेऊन ठेवायची, आईचा बाजार झाला की परत आणायची, असं ठरवलं. आई म्हणाली, "रस्त्यार खुर्ची टाकून बसू? लोक काय म्हणतले?"

"लोकांनी बाकडं आणून दिलं तर खुर्ची घरात ठेवीन," मी म्हटलं.

पहिल्या दिवशी ती संकोचून टोकावर बसली. तिसऱ्या दिवशी पाय पसरून. आठवडाभरात ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना स्वतः हाक मारू लागली, आणि घरात पुन्हा ताजी मांदेली आली. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटायला लागलं होतं.

मग अतिक्रमण खात्याची गाडी आली. आई खुर्चीत होती, मी शेजारी उभी. गाडीतून दोघे उतरले, त्यातला एक म्हणाला, "आजी, उठा. फुटपाथवर खुर्ची ठेवता येत नाही."

"फुटपाथवर बाकडं ठेवता येतं ना?" मी विचारलं.

"ते मला काही माहीत नाही. उचलायची ऑर्डर आहे."

आई उठली. त्याने खुर्ची गाडीत हातगाड्यांच्या ढिगावर टाकली. माझं डोकं असं फिरलं होतं की मी गाडीपुढे आडवी झाले असते. पण बावीस वर्षं कागदांत काढलेल्या बाईला राग आला तरी कागदच सुचतो. मी म्हटलं, "जप्ती आहे ना? मग पावती."

"एका खुर्चीची पावती?"

"एकाच खुर्चीची. कुठून उचलली तेही लिहा, खांबाच्या क्रमांकासकट."

पावती मिळाल्याशिवाय ही बाई समोरून हलणार नाही हे त्याच्या लक्षात आलं. कपाळाला आठ्या घालून त्याने लिहिलं. लिहिताना स्वतःशी पुटपुटत होता: 'सदर क्रमांकाच्या विद्युत खांबालगत, मोकळ्या पदपथावर, प्लास्टिकची खुर्ची, नग एक.' खाली सही. मी पावती वाचली, पुन्हा वाचली, आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. आणखी काही बोलले असते तर त्याने तो 'मोकळ्या' शब्द खोडला असता.

त्या दिवशी आई माझ्या खांद्याला धरून घरी आली. चार वेळा थांबली. चौथ्यांदा थांबली तेव्हा म्हणाली, "खुर्ची आपली होती ना गो?" तिचा आवाज लहान झाला होता. आईचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि पुन्हा ऐकायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्ड ऑफिस उघडायच्या आधी दारात. या वेळी तीन खाती नाहीत, प्रत माहितीसाठी नाही. एक अर्ज, एका माणसाला: देखभाल खात्याचा तरुण इंजिनिअर. त्याच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. डावीकडे निकाली काढलेल्या तक्रारीचं उत्तर, उजवीकडे जप्तीची पावती.

"साहेब, खांब एकच आहे. क्रमांक बघा. एकाच महिन्यात तुमच्या ऑफिसला त्याच्याजवळ बाकडंही दिसलं आणि मोकळा फुटपाथही दिसला. यातला खरा कागद कुठला, तेवढं लेखी द्या."

त्याने दोन्ही वाचले. मग खुर्चीत मागे रेलून हसला. "काकू, तुम्ही तर आपल्यातल्याच ना? खुर्ची सोडायला सांगतो मी गोडाऊनला. घेऊन जा."

"खुर्ची नको. राहू दे तिथेच. ती गोडाऊनमध्ये आहे तोवर ही पावती खरी आहे."

"असं लेखी कसं देणार हो?"

"नसेल द्यायचं तर बाकडं द्या. ते लेखी नको."

तो हसायचा थांबला. कागद ओढून घेतला, त्यावर काहीतरी लिहिलं, शिपायाला हाक मारली. "उद्या..." एवढं तो म्हणाला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढचं गिळलं.

अकरा दिवसांनी बाकडं आलं. नवीन, सिमेंटचं, खांबाला लागून, जुन्याच जागी. बुधवार होता. इंजिनिअर स्वतः उभा, हातात छापील फॉर्म: 'तक्रारदाराचे पूर्ण समाधान झाले आहे.' त्याने पेन माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, "बाकडं माझं नाही. आईला विचारा."

आई पिशवी घेऊन आली. बाकड्यावर बसली, हाताने त्याची पाठ चाचपली, पाय खाली टेकतात का पाहिलं. मग उठली आणि त्याला म्हणाली, "बसा. बाजार करून येतंय."

"आजी, मला अजून चार ठिकाणी जायचंय."

"जावा मगे. आदी बसा."

तो बसला. मीही शेजारी बसले. पाऊण तास. ऊन सरकत सरकत त्याच्या बुटांवर आलं. तो दोनदा घड्याळ बघून माझ्याकडे वळला, दोन्ही वेळा मी बाजाराच्या दिशेला बघत होते. शेवटी बाजाराकडच्या पुलाच्या सावलीतून आई येताना दिसली. सावकाश, पण एकटी. कुठे टेकली नाही, कुणाला धरलं नाही. सरळ बाकड्यापर्यंत आली. इंजिनिअर उठून उभा राहिला, ती बसली, पिशवी पायाशी ठेवली आणि थोडा वेळ नुसता श्वास घेतला. माझे डोळे भरून आले, आणि ते मी पुसले नाहीत. कोण बघतंय याची मला त्या वेळी पर्वा नव्हती.

"आजी, करता ना सही?"

आईने फॉर्म घेतला. हात लांब करून वाचला. चार घड्या घातल्या आणि पिशवीत मासळीच्या वर, कोथिंबिरीशेजारी ठेवला.

"फाल्यां येवा," ती म्हणाली.

"उद्या कशाला, आजी? बाकडं तर आलं ना?"

"आज इला. फाल्यां हयसर आसा काय ता माका बघूक व्हया. मगे सही."

तो माझ्याकडे बघत राहिला, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी आईची पिशवी उचलून हातात घेतली. आईने त्याला निदान कारण तरी सांगितलं होतं. खिडकीच्या आत बसून बावीस वर्षांत मी कुणालाच सांगितलं नव्हतं.