शिरूर कासारला, दुसऱ्या बाजूचं तिसरं ऐकायला

बाबांचा डावा कान चार वर्षांपूर्वी गेला. या फेब्रुवारीत उजव्या कानामागे गाठ सापडली. ऑपरेशननंतर ऐकू येईल का, या प्रश्नावर डॉक्टर नाही म्हणाले नाहीत, हो असंही म्हणाले नाहीत. तारीख मिळाली त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "त्याआधी शिरूरला जाऊन येऊ. बबनकडे."

कुणी त्या बाजूला जाणार असेल तर आधी एक सूचना. नकाशात 'शिरूर कासार' असं पूर्ण नाव टाका. नुसतं शिरूर टाकलंत तर पुणे-नगर रस्त्यावरच्या शिरूरला पोचाल आणि लवकर पोचल्याचा आनंद होईल. आपल्याला नगरवरून पाथर्डी आणि पुढे बीड जिल्ह्यात उतरायचं आहे. पुण्याहून पाच तास धरा. पाणी घरून न्या.

बाबा तिकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होते, बबनकाका तिथल्या पॉवरहाऊसमध्ये. टर्बाइन बसवायला आलेला परदेशी इंजिनिअर जाताना आपला रेकॉर्ड प्लेअर आणि जॅझच्या रेकॉर्डचं खोकं काकांना देऊन गेला. हे दोघं रेकॉर्ड अजूनही लेबलच्या रंगाने ओळखतात. हिरव्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं तिसरं, ते बाबांचं आवडतं. सात मिनिटं पियानो, मागे ब्रशने वाजवलेला ड्रम. एका दुष्काळी हंगामात, कारखान्याच्या कॉलनीतच, बाबांनी ते कॅसेटवर उतरवून घेतलं. मी तेव्हा सहा महिन्यांची होते. त्याच लयीवर मला थोपटायचे, म्हणतात.

मग आम्ही पुण्याला आलो, कारखाना बंद पडला, आणि फोनवरचं भांडण सुरू झालं. बाबांच्या मते ते वाजवणाऱ्याच्या घरात कुणीतरी वारलं होतं. काकांच्या मते त्याला लग्नाला जायची घाई होती. दोघं एकमेकांना बहिरा म्हणायचे. हल्ली काकांनी तो शब्द सोडलाय.

कॅसेट बरीच वर्षं वाजली नव्हती. फीत तुटेल, ही भीती. कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ म्हटलं, तर बाबा म्हणाले, "उतरवायला वाजवावी लागेलच ना." काकांकडून लेबलवरचं नाव विचारून मी इंटरनेटवर तोच तुकडा शोधून ऐकवला. "हा तो नाही," म्हणाले.

आम्ही पहाटे पाचला निघालो. कॅसेट नॅपकिनात गुंडाळून डब्यात, डबा बाबांच्या मांडीवर. गाडी मी चालवत होते; चालकाच्या बाजूला त्यांचा चालू कान येतो, हे माझं नशीब. तरी मी सारखी काहीतरी विचारत होते. उत्तर यायला एक क्षण उशीर झाला की स्टिअरिंगवरचे हात घट्ट व्हायचे.

"पाणी हवंय का?"

"दर दहा मिनिटांनी पाणी विचारतेस. टँकर आहेस का?"

पाथर्डीच्या पुढे वळणांवर त्यांना चक्कर आली. गाडी बाजूला घेतली. ते उलटी करत असताना डबा मी धरला होता आणि माझं अर्धं लक्ष डब्याकडे होतं, हे लिहून ठेवते. तिथून पुढे रस्त्याकडेला खरेच टँकर दिसू लागले. विहिरीभोवती निळे ड्रम रांगेत, माणसं कुठेच नाहीत. कितीतरी घरांना कुलूप आणि दाराला आडवी बाभळीची फांदी: माणसं ऊसतोडीला गेलेली, अजून परतायची होती. सिंदफणेच्या पात्रात शेळ्या चालत होत्या. बाबांनी एकदाही बाहेर पाहिलं नाही. एका बोटाने डब्यावर ताल धरला होता.

काका दारातच उभे होते. धोतर, बनियन, वर गळ्यात पंचा.

"जय भीम, केमिस्ट."

"राम राम, पॉवरहाऊस."

मग काका आपोआप बाबांच्या उजव्या हाताला जाऊन बसले. कुणी सांगितलं नव्हतं.

जेवणाला बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. मागे हात धुवायला काकूंनी तांब्यात मोजकं पाणी दिलं, आणि ते घमेल्यातच सांडायचं, म्हशीला लागतं, असंही सांगितलं. पाहुणे म्हणून जाल तर हे लक्षात ठेवा.

जेवणानंतर काकांनी आधी निळी रेकॉर्ड लावली. ट्रंपेट.

"ह्याला म्हन्त्यात वाजवनं. तुझा पियानोवाला झोपंत वाजिवतोय."

"तुझा शिट्टी मारतोय. कारखान्याची पाळी बदलल्यासारखी."

"पाळी बदलल्यावर मानूस घरी जातंय रे. आनंदच हाय त्यो."

मी हसले. मग हिरवी लागली, दुसरी बाजू, तिसरं. बाबांनी उजवा कान पुढे केला आणि अर्ध्या मिनिटात मान हलवली.

"हे न्हाई."

"हेच हाय. रेकॉर्ड तीच, प्लेअर तोच."

"बबन, हे न्हाई."

त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, कान गेला. ऑपरेशनच्या आधीच गेला, आता सगळंच वेगळं ऐकू येतंय. काकांनाही तेच वाटलं असणार, कारण ते भांडले नाहीत. त्यांनी कपाटातून जुना टेप काढला, फडक्याने पुसला आणि हात पुढे केला. बाबांनी डबा उघडला.

फीत वाजली. खरखर, आणि त्याआड पियानो, जड, सावकाश, खालच्या पट्टीत. बाबांनी डोळे मिटले. काकांचे मोठे झाले. त्यांनी ती कॅसेट आजवर ऐकलीच नव्हती.

मिनिटभरात आवाज अडखळला. मी झाकण उघडेपर्यंत टेपने फीत गिळली होती. ओढली तर तिचे दोन तुकडे माझ्या हातात आले. बाबांनी डोळे उघडले नाहीत. त्यांना वाटलं असावं की ऐकू येणं थांबलं. मी त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन सांगितलं, "बाबा, फीत तुटली. कान नाही, फीत."

काका प्लेअरवर हात ठेवून बाबांकडे वळले.

"लक्ष्मण, त्या साली ऊस न्हवता. जाळायला चिपाड कमी, वाफ कमी. टर्बाइन मीच कमी फेऱ्यांवर चालवत होतो. कॉलनीला लाइट त्याचीच. ह्याची मोटर लाइटच्या चालीवर फिरती. लाइट मंद, तर ही बी मंद. तुझा टेप सेलवरचा, त्यानं ती मंद चाल तशीच उतरवली."

"मग?"

"मग काय. सगळी कॉलनीच मंद चालली होती. ध्यान कुनाचं न्हवतं. इतकी वर्षं तुला येडा म्हन्लो, अन् चूक माझी."

"मग खरं कुठलं?"

काकांनी सुई पुन्हा तिसऱ्यावर ठेवली आणि फिरत्या तबकडीच्या कडेला अंगठा टेकवला. पियानो उतरू लागला. बाबांनी हात वर केला आणि तळवा हळूहळू खाली नेला.

"अजून. अजून जरा. हां. बस."

सात मिनिटं काका तसेच वाकून होते. अंगठा थरथरला की सूर डगमगायचा, बाबांच्या भुवया हलायच्या, काका दाब सावरायचे. मी त्या अंगठ्याकडेच बघत होते. संपलं तेव्हा अंगठा लाल झाला होता.

"लई दुःखी हाय रे," काका म्हणाले.

"मग मी काय सांगत होतो?"

दुसऱ्या सकाळी निघालो. पेट्रोल आणि टोल मिळून जाऊन-येऊन अडीच हजार लागले. मुक्कामाचं कुणी घेत नाही. काकूंसाठी पुण्याहून पाण्याचे दोन मोठे कॅन न्यायला हवे होते, हे वाटेत सुचलं.

घरी आल्यावर फोनवर तो तुकडा मंद करून ऐकवला. बाबा म्हणाले, "जवळपास." ऑपरेशन सोमवारी आहे. शुद्धीवर आल्यावर ऐकू येत नसेल, तर मी त्यांच्या तळहातावर ताल धरायचा, असं ठरलंय. म्हणजे त्यांना कळेल की शेजारी मी आहे.

काल सराव केला. त्यांनी डोळे मिटले, हात पुढे केला. मी बोटाने सुरू केलं.

"घाई करतेस," बाबा म्हणाले.

मी बोट आवरून पुन्हा सुरू केलं.

"अजून," ते म्हणाले. "अजून जरा."