अडगळीत सरकवलेलं बोलणं

१४ जूनला नव्या श्रवणयंत्राची किंमत दुकानदाराने बेचाळीस हजार सहाशे सांगितली. ताईचं जुनं यंत्र त्या सकाळी बोलता बोलता बंद पडलं होतं, आणि एवढी रक्कम आमच्या दोन्ही घरांत मिळून नव्हती.

ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, श्रवणयंत्रंच दुरुस्त करतात; त्यांच्या दुकानाचा हिशेब माझ्याकडे असतो. अशा कारागिरांचा इंटरनेटवर एक गट आहे, तोही तेच चालवतात. तिथे फक्त दुरुस्तीचं बोलायचं, हा त्यांचा नियम. कोणी कायदा, सरकार, धोरण असं काही लिहिलं की त्यांनीच लावून ठेवलेल्या सोयीने तो मजकूर आपोआप 'अडगळ' नावाच्या विभागात जाई आणि खाली भाऊजींच्या नावाने ओळ उमटे: कामाचं बोला. कोणाचं लिहिलेलं पुसणं त्यांच्या जिवावर येई. पण अडगळीत ते स्वतः कधी फिरकत नसत.

त्यांनी ताईचं यंत्र पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. आत काहीच बिघडलेलं नव्हतं.

"मग मेलंय कशाने ते?" ताई ओरडली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ती ओरडतच बोलत होती.

नव्या कायद्याबद्दल भाऊजींच्या कानावर उडत उडत आलं होतं, म्हणून त्यांनी गटावर लिहिलं: नव्या कायद्यामुळे यंत्रं बंद पडताहेत का? मजकूर डोळ्यांदेखत नाहीसा झाला. खाली ओळ आली: कामाचं बोला.

"हिशेबनीस, हे मी नाही लिहिलं," ते मला म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"तुमचंच नाव आहे, भाऊजी."

मग त्यांनी अडगळ उघडली. रिकामी म्हणून कुलूप घातलेल्या खोलीतून कुजबुज ऐकू यावी, तसं झालं. सगळा गट तिथे होता. बाहेरचा सुटा भाग बसवलेली यंत्रं नव्या कायद्याच्या आधाराने कंपनी इंटरनेटवरून दुरून बंद करणार होती. ताईच्या यंत्रात भाऊजींनी असाच भाग बसवला होता, आणि गटावर तो दाखवलाही होता. त्यावर हरकती कशा घ्यायच्या, मुदत कधी संपते, हे महिनोन्महिने बोलणं चाललं होतं. 'कायदा आता यंत्राच्या पोटात शिरलाय, तो वगळून दुरुस्ती कशी शिकवता?' असं एकाने विचारलं होतं. त्याच्याही खाली भाऊजी शांतपणे म्हणत होते, कामाचं बोला.

एका बाईंनी तर वारंवार लिहिलं होतं: 'दादा, वहिनींच्या यंत्राची इंटरनेट जोडणी वेळेत तोडा.' शेवटचं आदल्याच दिवशी.

भाऊजींनी तिथेच त्या बाईंना विचारलं, आता काय करू? उत्तर तत्काळ आलं, जणू त्या दाराशीच उभ्या होत्या. 'उशीर झाला. जुनं, कशालाच न जोडलेलं यंत्र पाठवते.'

आठवड्याने दुकानाच्या पत्त्यावर पुडकं आलं. ताईने यंत्र कानाला लावलं आणि दचकली. "अहो, किती ओरडताय दोघं!"

भाऊजींनी आपोआप सरकवणं बंद केलं, सगळ्यांना पुढे, मुख्य गटात बोलवलं. पुढे कोणी आलं नाही. बोलणं अजून अडगळीतच चालतं. त्या बाई मात्र पुन्हा बोलल्या नाहीत, आणि पुडक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता नव्हता.

त्या बाईंचे टपालखर्चाचे एकशे दहा रुपये देणे बाकी आहे.