कंदिलाला विचारणारे मामा

मामांइतका भित्रा माणूस मी पाहिला नाही, आणि ते भित्रे होते म्हणूनच हे लिहायला मी आज आहे.

दौलताबादच्या किल्ल्याखाली आमची छोटी वायनरी. मी तिथं प्रयोगशाळेत लागले तेव्हा मामा टाक्या धुवायचे; सगळेच त्यांना मामा म्हणायचे. मूळचे फुलंब्रीकडचे, आधी विहिरींतला गाळ काढायचं काम केलेलं. वाइनची टाकी रिकामी झाली की दोरीला बांधलेला पेटता कंदील ते आधी वरच्या तोंडातून आत सोडायचे आणि विझत नाही ना, हे बघत उभे राहायचे. कुणी घाई केली तर म्हणायचे, "थांबा जरा, कंदिलाला विचारू द्या."

सगळे हसायचे. सगळ्यात जास्त मी. एम.एस्सी. केमिस्ट्री ना! रस आंबताना निघणारा वायू जड असतो, तळाशी साचतो, त्यात दिवा विझतो आणि माणूस गुदमरतो, हे मला तोंडपाठ होतं.

पाहुणे आले की मामा गावाचा इतिहास सांगायचे, तोही भीतीचाच. "द्राक्षं तर बादशहाच्या काळापासनं हायेत इथं," एवढं म्हणून लगेच किल्ल्यातल्या अंधारीकडे वळायचे. त्या काळोख्या भुयारात शत्रू शिरला की धूर कोंडून त्याला गुदमरवायचे म्हणे. "तिथं निदान धूर दिसायचा. आमच्या टाकीत कायबी दिसत नाय." वाइन चाखायला आलेली मंडळी हातातले ग्लास खाली ठेवायची. मॅनेजर लई वैतागायचे.

एका दुपारी नुकत्याच रिकाम्या झालेल्या टाकीत माझा थर्मामीटर पडला. टाकीच्या तळाजवळच्या छोट्या दारातून हातभर अंतरावर दिसत होता. एका दमात काढते म्हटलं, आणि कंबरेपर्यंत आत वाकले. पुढचं नीट आठवत नाही. कानात घूं घूं आवाज, डोळ्यांपुढे काळोख, आणि मग डोक्यात सणकून कळ. मामांनी वेणी धरून मला बाहेर ओढलं होतं.

मी फरशीवर खोकत पडलेली असताना त्यांनी कंदील दारातून आत धरला. तो लगेच विझला. मामा माझ्याशेजारीच खाली बसले.

"धाकटा भाऊ असाच गेला माझा," ते म्हणाले. "विहिरीत बादली पडली व्हती. म्याच म्हणलं, उतर पटकन, कंदील कशाला." मग माझ्या विस्कटलेल्या वेणीकडे बघत, "पोरी, केसाला हात लावला, माफ कर."

मला रडूच फुटलं. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती.

मागच्या वर्षी मामा काम सोडून गावी गेले. जाताना काच पुसून कंदील माझ्या हातात दिला. "शिकवायला काय नाय माझ्याकडं. भीत जा, बास."

आता वायू मोजायचं यंत्र आहे, ते मी वापरतेच. तरी कुणी टाकीत उतरायला निघालं की मी आधी कंदीलही पेटवते. परवा नवीन लागलेला एकजण माझ्या कंदिलाला हसला. मी त्याला बाजूला उभं केलं आणि कंदील आत सोडला. तळाशी ज्योत नीट जळत होती, तरी मला "उतर" म्हणवेना. एका हातात दोरी होती. दुसरा माझ्या वेणीवर गेला होता.