दोन पुरुष पाण्यातली गाडी

"बूच लावलेलास का नाय, तेवढा सांग," लडकू बोलला.

कमळू गुडघाभर पाण्यात उभा होता. अंगावरचे कपडे चिकटलेले, एक चप्पल गेलेली.

"दादा, तुलाच इचारतो मी."

"खिशात हाय."

"कुठल्या खिशात?"

"खाकी शर्टाच्या. घरी, दांडीवर."

लडकूनं धरणाच्या पाण्याकडं बघितलं. काठापासून पन्नासेक पावलांवर अजून बुडबुडे येत होते. "मंग बसली तुझी म्हस," तो बोलला आणि सदरा काढायला लागला. लडकू याच पाण्यात मासे धरून जगणारा. बुडी मारायला त्याला कुणी सांगावं लागत नाही.

म्हैस म्हणजे कमळूची मोटार. पाण्यात जाऊन बसायची म्हणून आसपासच्या गावांनी तिला ते नाव ठेवलेलं. रस्त्यावर मोटार आणि पाण्यात नाव, अशी ती साठ-एकसष्ट सालची परदेशी वस्तू. काठावरच्या बंगल्यात मुंबईचा एक म्हातारा शेठ राहायचा, त्याची. शेठ गेला तेव्हा ती गोठ्यात पेंढ्याखाली होती आणि मागच्या सीटवर खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली. शेठच्या मुलीचं सामान कमळूनं आपल्या जीपमधून चार खेपा वाहिलं आणि तिनं मजुरी विचारली तेव्हा त्यानं पेंढ्याकडं हात केला.

"ही? उद्या भंगारवाला येणार आहे."

"त्याला नको सांगा."

कमळू बावन्न वर्षांचा. तीस वर्षं शहापूर-मुरबाड लायनीला जीप चालवणारा. विड्या नाहीत, दारू नाही, नाद म्हणून कसला नाही. अशा माणसाला उतारवयात नाद लागला की तो गोचिडीसारखा लागतो. गाडीचं पुस्तक होतं, जर्मन भाषेत. त्यातली नुसती चित्रं बघून कमळूनं तीन वर्षं तिचं पोट उघडलं आणि शिवलं. तळाची भोकं वेल्डिंगनं बुजवली. दारांना ट्रकच्या ट्यूबचं रबर लावलं. बुडाखालचे दोन वाकडे पंखे लाकडी मोगरीनं ठोकून सरळ केले. सांध्यांत भरायला लडकूनं राळ उकळून दिली. बायको सकुबाई अंगण झाडताना रोज म्हणायची, "म्हस असती त शेण तरी दिला असता." स्टँडवर धनेश ड्रायव्हर विचारायचा, "काका, दूध किती देते?" कमळू म्हणायचा, "तुला पुरंल एवढा."

दिवाळीनंतर ती तरंगली. तेव्हापासून दर रविवारी कमळू धरणात बुडालेल्या जुन्या रस्त्यानं तिला पाण्यात घालायचा आणि मधोमध जाऊन इंजिन बंद करायचा. खाली त्यांचं जुनं गाव होतं. गाव उठलं तेव्हा तो पाच वर्षांचा. तीस वर्षं लोकांना त्यांच्या त्यांच्या गावी सोडलं, आपल्या गावावर यायला ही गाडी मिळावी लागली. एकदा सकूला घेऊन गेला. ती दाराला धरून बसली. परत काठाला लागल्यावर पाय चाचपून म्हणाली, "भिजलं नाय वो," आणि चार दिवस शेणाचा विषय काढला नाही.

आणि आता ही गत. काल त्यानं गाडी ओढ्यावर धुतली. जीप धुतली की ड्रायव्हर तळाचं रबरी बूच काढतो, आतलं पाणी निथळायला. तीस वर्षांची हाताची खोड. हातानं बूच काढलं, खिशात टाकलं, डोक्याला कळवलं नाही. सकाळी पाण्यात घातल्यावर पाय ओले लागले तेव्हा त्यानं गाडी काठाकडं वळवली, पण मागं इंजिन, ते आधी खाली गेलं.

लडकू वर आला, थुंकला. "दोन पुरुष पाण्यात हाय, दोन माणसं एकावर एक उभी बुडतील एवढ्या. तोंड हिकडं. पण दादा, रस्त्याच्या कडंला बसलीय. मागलं एक चाक गाळात. थोडी सरकली त नदीत."

जुनी नदी म्हणजे धरणाच्या आतली खोल धार. तिथं गेलेलं भांडंसुद्धा कुणाला परत मिळालेलं नाही.

"जीप आणतो," कमळू म्हणाला.

"जीपवर घर चालतंय तुझा."

"दोर आण."

लडकूचे जाळ्याचे दोन दोर पीळ देऊन एक केले. लडकू बुडी मारून पुढच्या कडीला बांधून आला. दोराचं दुसरं टोक जीपच्या मागच्या हुकाला. सकू खबर ऐकून धावत आली. कमळूला वाटलं आता तोंड सुटणार. तिनं पदर खोचला आणि एक मोठा दगड उचलला.

"तुमी खेचा. मी चाकामागं उटी लावते."

जीप ओरडली. दोर ताणला, पाण्यातून वर आला, थेंब झाडले. जीप वीतभर सरकली. सकूनं चाकामागं दगड सारला. परत वीतभर, परत दगड. बऱ्याच वेळानं काचेची चौकट पाण्यावर आली, मग लाल बोनेट. कमळूला श्वास घ्यायची भीती वाटायला लागली.

"दादा, आता जड होणार," लडकू पाण्यातून ओरडला. "पाण्यात हलकी होती. पोटात भरलाय तो सगळा पाणी आता तुझ्यावर."

तेच झालं. चाकं जागेवर फिरायला लागली, खडी मागं उडायला लागली. क्लचचा जळका वास आला. कमळूनं ब्रेक दाबून धरला. डोक्यात एकच हिशोब चालला होता. अजून चार हात आली की बूड पाण्याबाहेर येईल. मग त्याच बुचाच्या भोकातनं सगळं पाणी आपोआप गळून जाईल. ज्या भोकानं बुडवली तेच भोक तिला रिकामी करील. चार हात. त्यानं क्लच सोडला, गॅस दिला. एक हात आली. दुसरा आली नाही.

जीप मागं निघाली. हळू, ब्रेक दाबलेला असताना. पहिला दगड चाकाखालून निसटला. दुसरा फुटला.

आरशात त्याला सकू दिसली. ती चाकामागं वाकली होती, दोन्ही हातांनी दगड रेटत, गुडघा चाकाला लावून.

"सकू, बाजूला हो."

"तुमी खेचा."

"हो गो बाजूला."

"आली हाय ती. खेचा तुमी."

दगड तिच्या हातांसकट वीतभर मागं सरकला. बोनेट अजून पाण्यावर होतं. कमळूनं ते एकदा बघितलं.

"लडकू, तोड."

"दादा—"

"तोड बोल्लो ना."

लडकूनं कमरेचा कोयता काढून दोन घाव घातले. दोर साप सुटल्यासारखा गेला. जीप पुढं हिसका खाऊन उभी राहिली. बोनेट आधी तिरकं झालं, मग मागं सरकायला लागलं, आणि मग ते नव्हतं. पाणी थोडा वेळ फिरत राहिलं. लडकूनं बुडी मारली, खूप वेळानं वर आला. "नदीत गेली," तो बोलला.

सकू खाली बसून तळहात बघत होती. दोन्ही सोलवटले होते. कमळू तिच्याजवळ गेला. खाली वाकून तिचे हात बघायला लागला.

"माझ्या हातांकडं काय बघता," ती म्हणाली. "स्टँडवरचा नंबर जाईल तुमचा."

जीपचा क्लच पहिल्या गिअरला कण्हला, पण धरला. शहापूरच्या स्टँडवर धनेशनं त्याच्या ओल्या कपड्यांकडं बघितलं आणि आपली जीप मागं घेऊन त्याला जागा करून दिली. पुढची जीप भरून गेली होती. एक म्हातारी भेंडीची गोणी घेऊन उभी होती. कमळूनं गोणी टपावर चढवली, दोरी आवळली.

"किन्हवली, सरळगाव, मुरबाड," तो ओरडला. मग मागच्या सीटवरच्या तिघांना म्हणाला, "सरकून बसा, चौथा बसंल."