डॉक्टरांसाठी आणलेली टॉवेल-टोपी

सांगलीच्या सरकारी दवाखान्यातून घरी सोडलं, त्या दिवशी डॉक्टर समजून मी ज्यांचे पाय धरले ते शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला भेटायला आलेले विम्याचे एजंट निघाले. त्यांनी तोंडभर आशीर्वाद दिला आणि लगेच पिशवीतून फॉर्म काढला. चूक माझीच, पण तिला कारण होतं. अठरा दिवस मी पालथा पडून होतो. कुणाचं तोंड बघायचं म्हणजे मान मोडून घ्यायची, म्हणून वॉर्डातली सगळी माणसं मी पायांवरून ओळखायचो. डॉक्टरांच्या पायात तपकिरी चपला, डाव्या अंगठ्याला चांभाराची शिवण. एजंटांच्याही अगदी तशाच.

पालथं का पडावं लागलं हे सांगायची तेव्हा लाज वाटायची, आता वय झालं. दुष्काळ ओसरल्यानंतरचं वर्ष होतं. मी साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कारकून. थंडीताप आला, म्हणून बाजारच्या दिवशी गावात येणाऱ्या सुईवाल्याकडून इंजेक्शन घेतलं. तेही बुडाला, कारण दंडातलं इंजेक्शन हलकं, असा आमच्या गावाचा पक्का समज. आठवड्यात तिथं नारळाएवढं गळू झालं. बसवेना, म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाचटावर पालथा घालून मला सांगलीला नेलं. वाटेत जो भेटेल तो विचारी, "काय झालं रं?" आणि आमचे वडील ट्रॉली थांबवून प्रत्येकाला नीट जागेसकट सांगत.

गळू कापणारे डॉक्टर तिशीच्या आतले होते. कापणं एका दिवसाचं काम. खरं दुखणं पुढचं. जखमेत भरलेली पट्टी रोज काढायची आणि नवी भरायची. ते काम ड्रेसरचं, पण पहिल्या दिवशी माझी किंकाळी ऐकून डॉक्टर आले आणि पुढे रोज तेच येत राहिले. वास असा की माझा सख्खा भाऊ नाकाला टॉवेल लावून दारातच उभा राही. डॉक्टर वाकून, पट्टी भिजवून, बोटाबोटानं सोडवायचे आणि मला बोलण्यात गुंतवायचे.

"काटा किती मारता हो तुम्ही लोक?"

"आमी न्हाई मारत डाक्टर. काटा आपला आपण मारतो."

ते हसले की पट्टी आणखी बोटभर बाहेर आलेली असायची.

एकदा मी आडनाव विचारलं. त्यांनी सांगितलं ते माझ्या सासरवाडीचं. गाव विचारलं, तर वडूजच्या अलीकडचं, तेही सासरवाडीचंच. आमच्याकडे एवढं पुरतं. दोन माणसं भेटली की पहिल्या विडीला गाव निघतं आणि दुसरीला सोयरीक.

"आवं, मग तुमी आमचं मेव्हणंच की!" मी पालथ्यापालथ्या जाहीर करून टाकलं.

चपला जागच्या जागी थांबल्या. "गाव एकच आहे," वरून आवाज आला. "वस्ती वेगळी."

मला वाटलं, मळ्यात राहत असतील.

"ते काय न्हाई. चैत्रात आमच्या जत्रेला यायचं. मटण खाल्ल्याशिवाय सोडत नसतो."

"घरी विचारलंत का?"

"घर माझंच हाय!"

बायको तिथंच स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती. डॉक्टर गेल्यावर म्हणाली, "बोलावलंय, तर नीट बोलवा." नीट म्हणजे काय, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती सांगलीच्या पेठेत जाऊन एक टॉवेल आणि टोपी घेऊन आली. तिला भाऊ नाही. आमच्या घरी जत्रेला तिच्या माहेरचं माणूस कधी आलं नव्हतं, तेव्हा हा आहेर करायची वेळही तिच्यावर आली नव्हती.

जत्रेच्या आधी पंधरा दिवस डॉक्टरांना जखम दाखवून आलो, तीही टेबलावर पालथं पडूनच. "भरली," ते म्हणाले. "आता घोड्यावर बसा."

जत्रेला ते एस.टी.नं आले. त्याच चपला, हातात साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा. त्यांचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा धड बघितला. बारीक होता, आणि पुढच्या दोन दातांत फट होती. वडील ओसरीवरून उठून पुढं झाले.

"या पावणं! आमच्या सूनबाईच्या गावचं म्हणं तुमी. कुठल्या आळीतलं?"

डॉक्टरांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मी पेढ्यांच्या पुड्याकडं पाहिलं.

"आळीतले नाही. आम्ही गावकुसाबाहेरचे. वडिलांनी दीक्षा घेतली, बौद्ध आहोत."

वडील भांडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त "बरं, बरं, बसा" म्हणाले, आणि पेढ्यांचा पुडा कोनाड्यात गेला तो तिथंच राहिला. अंगणात मांडवाखाली पंगत मांडली. सगळ्यांना स्टीलची ताटं. डॉक्टरांना मांडवाच्या टोकाला, खांबापाशी, पत्रावळ आणि द्रोण. वाढप्यानं भाकरी वरून सोडली. पाणीही वरूनच ओतलं. स्वयंपाकघराच्या दारात बायको कुंकवाचं ताट घेऊन उभी होती, ताटात टॉवेल-टोपी. वडिलांनी तिच्याकडं बघितलं. ती आत गेली.

डॉक्टरांच्या शेजारची जागा मोकळी होती. चार पावलं टाकायची आणि मांडी घालून बसायचं, एवढंच माझं काम होतं. बोलावलं मी होतं. शब्द माझा होता. ज्या हातांनी अठरा दिवस माझी घाण काढली, ते हात एका द्रोणात भाकरी बुडवत होते.

"ताटावर बस की रं," वडील आपल्या शेजारची जागा दाखवत म्हणाले.

मी मोठ्यानं, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणालो, "मला अजून खाली बसवत न्हाई. दुखतंय. मी मागनं खातो."

मला वाटलं, काय हुशारीनं सुटलो! इकडं नाही, तिकडं नाही. डॉक्टरांनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा भाकरी मोडायला घेतली. अर्धी भाकरी झाल्यावर स्वतःची पत्रावळ स्वतः उचलली, गोठ्यामागं टाकली आणि बैलांच्या हौदावर हात धुतले.

वेशीपर्यंत पोचवायला मी गेलो. दुखतंय म्हणून सांगून बसलेलो, आणि गाव बघत होतं. म्हणून लंगडत गेलो. डॉक्टरांसमोर, ज्यांनी ती जखम बरी केली त्यांच्यासमोर! वेशीपाशी थांबून ते म्हणाले, "लंगडू नका. सवय लागती."

दवाखान्यात सदा शहरी बोलणारा माणूस एवढं एकच आपल्या गावच्या बोलीत बोलला. "उपकार झाले" हे दोन शब्द मी अठरा दिवस घोळवून ठेवले होते. ते विम्याच्या एजंटाला म्हणून झाले होते. डॉक्टरांना म्हणायचे राहिले ते राहिलेच. पुढं सांगलीला कितीदा गेलो, पण दवाखान्याचा रस्ता टाळून.

परत आलो तेव्हा बायको परसात मटणाचं पातेलं राखेनं घासत होती. मी तिथंच घुटमळलो. तिनं मान वर केली नाही.

"तो टॉवेल फडताळात ठेवलाय," ती म्हणाली. "घडी घालून बुडाखाली घेत जावा. बसवत न्हाई ना तुमास्नी."