वाड्यासमोरची सलामी

मी कचेरीबाहेर चिंचेखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत असे. तिथे तो एकदाच आला. तो राजवाड्याच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. राज्य खालसा झाल्यावर त्याने लग्नांसाठी आपला बँड काढला आणि नाव ठेवलं ‘सरकारवाडा बँड’. पण तेच नाव आधी दुसऱ्या एका बँडवाल्याने घेतलं होतं, आणि त्याच्या वकिलाची नोटीस आली होती.

"या नावावर तुमचा हक्क आहे, असा काही कागद?" मी विचारलं.

त्याची बोटं मांडीवर जणू क्लॅरिनेटची भोकं झाकत होती. "कागद नाही, रावजी. पण वरात वाड्यासमोर आली की आम्ही थांबतो अन् राजाची सलामी वाजवतो. राजा नसला तरी."

"कोर्टात हे चालायचं नाही."

"नोटिशीत सलामीबद्दल काही आहे?"

मी पुन्हा वाचली. "नाही."

"मग लिहा, नाव सोडलं."

माणूस हरला, असं मला तेव्हा वाटलं.

आता त्याच्या पाटीवर नावच नाही. दुसरा बँड वाड्यासमोरून वाजतगाजत निघून जातो. याचा थांबला, की दारातला म्हातारा पहारेकरी काठी टेकत उठून उभा राहतो.