दोन दिवस डोक्याला पाणी नाही

कुंडलच्या हरणाबाई पवारांकडे मी पहिल्यांदा गेले ती सुजलेलं तोंड घेऊन. पुतणीच्या साखरपुड्यासाठी मी दुकानातून काळ्या मेंदीचं पाकीट आणलं होतं. पाकिटावर पानंफुलं काढलेली होती, म्हणून मी निर्धास्त. सकाळी उठले तर कपाळ टम्म आणि डोळे मिटलेले. साखरपुड्यात पेढा मी कुणाच्या तोंडात घालतेय ते मलाच दिसत नव्हतं. इस्लामपूरच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि पुन्हा हे डोक्याला लावाल तर याहून वाईट होईल, अशी तंबीही दिली.

मी तेव्हा बँकेत नोकरीला होते. पांढरं डोकं घेऊन काउंटरवर बसायची माझी तयारी नव्हती. लोक म्हणतात, वय लपवू नये. असं म्हणणाऱ्यांचे केस बहुधा काळे असतात. बँकेतल्या एका मुलीनं हरणाबाईंचा पत्ता दिला आणि मी एका रविवारी स्कूटीवरून कुंडल गाठलं.

मला वाटलं होतं, कोणी म्हातारी वैदू असेल. डोकं पांढरंशुभ्र होतंच. पण जवळून पाहिलं तर चेहऱ्यावर एक सुरकुती नाही आणि हात भाकरी थापणाऱ्या बाईचे, घट्ट. वय माझ्याहून चार वर्षांनी कमी निघालं. त्यांनी माझं कपाळ दाबून पाहिलं आणि विचारलं, "काय लावलं हुतं?"

"काळी मेंदी."

"काळी मेंदी लागत्यालं झाड मला दावा कुठं हाय ते. मेंदी तांबडीच असती. काळी म्हनून इकत्यात त्यात दुसरंच काय तरी घातल्यालं असतंय."

आणि त्या दिवशी त्यांनी मला काहीही न लावता परत पाठवलं. महिनाभर डोकं तसंच ठेवा, म्हणाल्या. महिन्यानं गेले तेव्हा कानामागे टिकलीएवढं मिश्रण लावलं आणि पुन्हा हाकललं. खाज आली नाही तर उद्या या. तिसऱ्या खेपेला डोक्याला हात लागला. गिऱ्हाईक परत पाठवायची एवढी हौस असलेली बाई मी धंद्यात दुसरी पाहिली नाही.

त्यांची रीत साधी होती, पण वेळखाऊ. मेंदीची पूड, आवळकाठी आणि चहाचं उकळलेलं पाणी लोखंडी कढईत रात्रभर भिजत ठेवायचं. सकाळी ते डोक्याला थापायचं, अडीच तास बसवून ठेवायचं आणि साध्या पाण्यानं धुवायचं. पांढरे केस मग तांबडेभडक होतात. तिथं घाबरायचं नाही. त्यावर निळीच्या झाडाच्या पाल्याची पूड. ही पूड मात्र कोमट पाण्यात ऐनवेळी कालवायची, कारण पंधरा मिनिटांत तिचा जोर उतरायला लागतो. दीड तासानं पुन्हा साधं पाणी. धुतल्यावर केस हिरवट दिसतात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हळूहळू गडद होत जातात. गावातल्या एकीनं हे ऐकून घरी कपड्याची नीळ डोक्याला लावली होती. तिची उशी अजून निळी आहे, असं हरणाबाई सांगत.

सगळं झाल्यावर त्या एकच वाक्य बजावत. "दोन दिस डोक्याला पानी न्हाई, तेल न्हाई. रंग मुरतोय त्यो. दोन दिसात पानी घातलंसा तर मला बोल लावायचा न्हाई." मी सहा वर्षं जात होते. सहाही वर्षं, दर महिन्याला, हे वाक्य मला नव्यानं ऐकवलं जायचं. कुळकुळीत काळं होईल असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. गडद तपकिरी होईल, तेवढ्यात समाधान माना, नसलं तर पांढरे काय वाईट दिसतात, असा सगळा कारभार.

ही विद्या त्यांना राजस्थानात मिळाली. नवरा फौजेत नाईक. लग्नानंतर तीन वर्षं त्या जोधपूरला क्वार्टरमध्ये होत्या. शेजारच्या हवालदाराच्या बायकोच्या डोक्याला मेंदी आणि नीळ थापता थापता शिकल्या. तेव्हा त्यांचे स्वतःचे केस कमरेपर्यंत आणि काळेभोर होते. मग नवरा आजारी पडला. फौजेच्या दवाखान्यात दोन महिने काढले आणि गेला. हरणाबाई एकतीस वर्षांच्या, मुलगा जयराज सात वर्षांचा. कुंडलला सासरी परतल्यावर तीन वर्षांत डोकं पांढरं झालं.

एकदा मी विचारलंच, "सगळ्या गावाची डोकी रंगवता, मग स्वतःचं का असं?"

त्या माझ्या डोक्यावर थापत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "नवरा नसल्याल्या बाईनं केस काळं करायचं ते कुनासाठी, आसं इचारत्यात. येकदा इचारलं हुतं."

"कुणी?"

"आमच्या आक्कांनी."

आक्का म्हणजे थोरली जाऊ धोंडुबाई. घर एकत्र होतं. थोरले दीर नाथाजी ऊस बघत आणि धोंडुबाई बाकी सगळं बघत. सणवार, देणंघेणं, कुणी कुठं बसायचं आणि कुणी कुठं बसायचं नाही. मला त्या बाईचा राग आला. तसं मी बोललेही. हरणाबाईंनी माझं डोकं खाली दाबलं आणि म्हणाल्या, "हलू नगा, कपाळावर वघळतंय." जावेची चहाडी त्यांना आपल्या तोंडून वाढवायची नव्हती.

जयराज बारावी होऊन फौजेत भरती झाला. बेळगावला प्रशिक्षण संपल्यावर शपथ घ्यायची त्याची कसम परेड होती, तिथं हरणाबाई गेल्या. परेड झाल्यावर पोरं आपापल्या आईबापांना शोधत आली. शेजारी उभ्या असलेल्या एका बापानं कौतुकानं जयराजला विचारलं, "आजीला आणलंस व्हय रं? आई न्हाई आली?" जयराज म्हणाला, हीच माझी आई. तो माणूस बिचारा ओशाळला. त्यानं हरणाबाईंना नमस्कार केला, खाऊही दिला.

हे मला त्यांनी दोनदा सांगितलं. पहिल्यांदा हसत सांगितलं. दुसऱ्यांदा जयराजचं लग्न ठरलं तेव्हा. त्या वेळी हसू नव्हतं. "मॅडम, पोराच्या लग्नात तरी मी त्याची आई दिसाय पायजे," म्हणाल्या. बाकी काही मागणं नव्हतं. मुलगी वडूजची, पूजा नावाची. तिच्याकडचं वऱ्हाड पहिल्यांदाच यांना बघणार होतं.

तर अठरा वर्षांत पहिल्यांदा हरणाबाईंनी स्वतःच्या डोक्याला रंग लावायचं ठरवलं. धोंडुबाईंना विचारलं नाही. विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

लग्न रविवारी दुपारी साडेबाराचं. हरणाबाईंनी दिवस मोजले. शुक्रवारी सकाळी मेंदी, दुपारी नीळ. शुक्रवार दुपार ते रविवार दुपार, बरोबर दोन दिवस. मागच्या बाजूनं पोहोचत नाही म्हणून मला बोलावलं होतं. मी रजा टाकून गेले आणि खोलीचं दार लावून पहिल्यांदा त्यांच्या डोक्याला मी मेंदी थापली. माझं थापणं त्यांना पसंत नव्हतं. "जाड लावा की, भाकरीला तूप लावताय व्हय?" असं चाललं होतं. संध्याकाळी केस वाळले तेव्हा हिरवट होते, पण आतून गडद रंग धरायला लागला होता. त्यांनी आरशात एकदाच पाहिलं आणि पदर घेतला. मला म्हणाल्या, रविवारी बघा.

शनिवारी सकाळी हळद होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. हळद त्यांनीच दळून आणली होती. पण हळदीला नवरदेवाशेजारी पाटावर बसते ती वरमाय. तिला हळद लावतात आणि सवाष्णी तिच्या डोक्यावरून कढत पाणी ओततात. विधवा बाई तिथं बसत नाही. ती लांबून बघते, फार तर पाणी तापवून देते. जयराजला आई असली तरी वरमाय धोंडुबाईच होणार, हे कुणी बोललं नव्हतं आणि बोलायची गरजही नव्हती. म्हणून दिवस मोजताना ती आंघोळ हरणाबाईंच्या मोजणीत आलीच नाही. दुसरीच्या डोक्यावर पडणारं पाणी कोण मोजतं?

शनिवारी सकाळी नाथाजी आणि धोंडुबाईंनी देवक बसवलं. मग अंगणात पाट मांडले, चार कोपऱ्यांना तांबे ठेवून सुताचे वेढे घातले. जयराज येऊन बसला, करवली बसली. वरमायेचा पाट रिकामा होता. हरणाबाई चुलवणाशी पाण्याच्या हंड्याजवळ होत्या आणि मी त्यांच्या शेजारी.

धोंडुबाई पाटापर्यंत गेल्या. गुडघ्याला हात लावला. म्हणाल्या, "देवकाला बसून माझं गुडघं धरलं. मला न्हाई बसाय यायचं." कुणीतरी खुर्ची आणायला धावलं. त्यांनी त्याला थांबवलं. "खुर्चीवर कुटं हळद लावत्यात? हरणे, ये हिकडं. बस तू."

एक म्हातारी काहीतरी पुटपुटायला लागली. धोंडुबाईंनी तिच्याकडे मान वळवली, तर ती पानदान शोधायला लागली.

मी हरणाबाईंचं कोपर धरलं. हळू आवाजात म्हणाले, "अहो, डोकं! कालच लावलंय. पाणी घालू नका म्हणून सांगा त्यांना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणतेय ते त्यांना नक्की कळलं होतं. ते वाक्य त्यांचंच होतं. त्यांनी माझा हात सोडवला, पदर खोचला आणि जाऊन पाटावर बसल्या.

पहिली हळद धोंडुबाईंनी लावली. गालाला, हाताला, पायाला. मग तेल घेऊन टाळूवर चोळलं. मग पाचजणींनी तांबे उचलले. पहिला तांब्या डोक्यावर पडला आणि काळपट निळं पाणी कपाळावरून खाली आलं. गालावरच्या हळदीत मिसळून ते हिरवं झालं आणि हनुवटीवरून लुगड्यावर गळायला लागलं. एक पोरगी किंचाळली. करवली हसली आणि लगेच तिनं तोंडावर हात दाबला. जयराज घाबरून म्हणाला, "आई, काय झालं गं?"

"काय न्हाई. बस खाली," हरणाबाई म्हणाल्या. "वता गं. थांबला कशाला?"

आणि बायकांनी ओतलं. पाची तांबे ओतले. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मला रडू आलं. मी चुलवणातल्या धुराला बोल लावला.

डोकं पुसल्यावर जे काही दिसलं ते सांगायला नको. निळीचा रंग निम्मा वाहून गेला होता, खालची तांबडी मेंदी वर आली होती आणि कानांवर हिरवे पट्टे होते. मी म्हटलं, दुपारी पुन्हा नीळ कालवू, पूड शिल्लक आहे, उद्यापर्यंत थोडंफार सुधारेल. धोंडुबाईही म्हणाल्या, बाई सांगत्यात तसं कर. हरणाबाईंनी मान हलवली.

"परत लावायचं तर आधी डोकं धुवाय पायजे. हळद हाय त्यात. ऱ्हाऊ द्या."

गुडघ्यांचं म्हणाल, तर दुपारच्या पंगतीत त्याच धोंडुबाई मांडी घालून बसलेल्या मी स्वतः पाहिल्या. दोनदा भात घेतला आणि कुणाचाही हात न धरता उठल्या. माझ्या मनात त्या बाईविषयी सहा वर्षं जे साठलं होतं, त्याचं काय करावं ते मला कळेना.

संध्याकाळी पाहुणे जरा पांगले. आम्ही तिघी माजघरात उद्याच्या ओटीचे नारळ पुसत बसलो होतो. धोंडुबाई बराच वेळ हरणाबाईंच्या डोक्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हरणे, त्वांड शिवल्यालं व्हतं व्हय तुजं? कालच रंग लावलाय म्हनून सांगायचंस. मला काय ठावं? जरा थांबलो असतो. अंगावर वतलं असतं, डोकं वाचवलं असतं."

हरणाबाईंनी नारळ खाली ठेवला.

"थांबला असता, आक्का. म्हनूनच न्हाई सांगितलं. हातात तांब्या घिऊन पाचजनी थांबल्या असत्या, तर त्यातल्या येकीला तरी इचार सुचला असता, हिला बसवली कशी म्हनून. मग मला उठाय लागलं असतं."

धोंडुबाईंनी पुढचा नारळ घेतला आणि पुसायला लागल्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "न्हाई उठू दिलं असतं."

"हे तुमी आता सांगताय," हरणाबाई म्हणाल्या. "मला सकाळी ठावं नव्हतं."